पीएलए-क्ले नॅनोकंपोझिट बनवताना: सुकवण्यापासून तपासणीपर्यंतचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जैवविघटनशील पॉलिमरमध्ये क्ले (अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चिकणमाती) मिसळून नॅनोकंपोझिट बनवणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: क्ले घातली तरी ताकद वाढली नाही, उलट माल ठिसूळ झाला आणि पिवळट पडला. त्यावर बहुतेक जण क्लेचे प्रमाण बदलतात, नाहीतर दुसऱ्या कंपनीची क्ले मागवतात. दोष मात्र बहुधा कृतीच्या घटकांत नसतो, प्रक्रियेत असतो. हा लेख कोल्हापुरात या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत छोट्या ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर (दोन स्क्रूंनी पॉलिमर वितळवून मिसळणाऱ्या यंत्रावर) चाचणी बॅच काढणाऱ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण पीएलएचे (पॉलिलॅक्टिक ॲसिड, एक जैवविघटनशील पॉलिएस्टर) घेतले असून पीबीएटी, पीसीएल (याच वर्गातील आणखी दोन पॉलिएस्टर) आणि स्टार्च यांचा उल्लेख जिथे पद्धत बदलते तिथेच केला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. बॅरलमध्ये, म्हणजे एक्स्ट्रूडरच्या तापवलेल्या नळीत, दोन घटना एकाच वेळी घडत असतात. क्लेच्या पापुद्र्यांच्या चळती सुटत जातात, ही हवी असलेली घटना. आणि त्याच वेळी पॉलिमरच्या साखळ्या तुटत जातात, ही नको असलेली. तापमान, स्क्रूचा वेग आणि बॅरलमधला वेळ यांपैकी काहीही बदलले की दोन्ही घटनांवर परिणाम होतो. त्यामुळे कोणत्याही निकालाकडे पाहताना क्लेचे काय झाले आणि पॉलिमरचे काय झाले, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात.

## सुरुवातीआधी: कोरी बॅच

क्ले न घातलेला पीएलए त्याच मशीनमधून, त्याच तापमानाला, त्याच वेगाने आणि तितक्याच वेळा काढून ठेवावा. या लेखात तिला कोरी बॅच म्हटले आहे. नॅनोकंपोझिटची तुलना पिशवीतून आलेल्या ताज्या दाण्यांशी नव्हे, या कोऱ्या बॅचशी करायची असते. ताज्या दाण्यांशी तुलना केल्यास मशीनने केलेले नुकसान क्लेच्या माथी मारले जाते, आणि माझ्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक चुकीचे निष्कर्ष इथेच जन्माला येतात. कोऱ्या बॅचला वेळ आणि माल लागतो हे खरे. पण ती नसेल तर पुढच्या टप्प्यांतील आकडे वाचताच येत नाहीत.

## टप्पा १: पॉलिमर आणि क्लेची जोडी ठरवणे

मॉन्टमोरिलोनाइट या क्लेचा एक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि १०० ते काही शे नॅनोमीटर रुंद असतो. नैसर्गिक अवस्थेत पापुद्र्यांच्या मध्ये सोडियमसारखे आयन आणि पाणी असते, म्हणून ती पाण्याशी जवळीक असलेल्या पॉलिमरलाच आत येऊ देते. पीएलए, पीबीएटी किंवा पीसीएलसाठी ऑर्गॅनोक्ले घ्यावी, म्हणजे ज्यातील सोडियमच्या जागी लांब शेपटीचा अमोनियम क्षार बसवला आहे अशी क्ले. या क्षारावर हायड्रॉक्सिल गट असतील तर पॉलिएस्टरशी ती अधिक चांगली जुळते. ग्लिसरॉलने मऊ केलेल्या स्टार्चसाठी उलट आहे. तिथे संस्कार न केलेली सोडियम क्लेच बरी, कारण स्टार्च स्वतः पाण्याच्या ओढीचा आहे.

सावधान: कोल्हापुरात फाउंड्रीमुळे बेंटोनाइट सहज आणि स्वस्त मिळते, आणि त्यातील मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइटच असल्याने तेच वापरण्याचा मोह होतो. साच्याच्या वाळूला बांधण्यासाठी आलेले हे बेंटोनाइट नॅनोकंपोझिटसाठी शुद्ध केलेले नसते. त्यात क्वार्ट्झचे खडबडीत कण असतात, जे फिल्मला भोके पाडतात आणि स्क्रू झिजवतात. लोहयुक्त अशुद्धी रंग बिघडवतात आणि पॉलिमरच्या ऱ्हासालाही हातभार लावू शकतात. वापरायचेच असेल तर पाण्यात फुगवून, जड कण खाली बसवून, वरचा बारीक भाग वेगळा काढावा आणि मगच आयन-विनिमय (सोडियमच्या जागी अमोनियम क्षार बसवणे) करावा. भुकटी हाताळताना मास्क लावावा. सिलिकाची धूळ काय करते हे फाउंड्रीवाल्यांना वेगळे सांगायला नको.

तपासा: क्ले मशीनमध्ये टाकण्याआधी तिचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, ज्यातून पापुद्र्यांमधील अंतर कळते) काढून ठेवावा. सोडियम क्लेमध्ये पापुद्र्यांतील अंतर ओलाव्यानुसार साधारण १.२ नॅनोमीटर येते. हायड्रॉक्सिल गट असलेल्या प्रचलित ऑर्गॅनोक्लेमध्ये ते सुमारे १.८ नॅनोमीटर असते. हा आकडा हाती नसेल तर पुढे अंतर वाढले की नाही, हे सांगता येणार नाही.

## टप्पा २: वजनाचा हिशेब

“३ टक्के क्ले” म्हणजे नेमके काय, हे वहीत लिहून ठेवावे. ऑर्गॅनोक्लेच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग सेंद्रिय क्षाराचा असतो. पापुद्रे ३ टक्के हवे असतील तर ऑर्गॅनोक्ले ३ भागिले ०.७, म्हणजे सुमारे ४.३ टक्के घ्यावी लागते. ५ किलोच्या बॅचला साधारण २१५ ग्रॅम. एकाने पापुद्र्यांच्या आधारे आणि दुसऱ्याने एकूण भुकटीच्या आधारे प्रमाण धरले, तर दोघांचे निकाल कधीच जुळणार नाहीत. सेंद्रिय भागाचे नेमके प्रमाण टीजीएवरून (नमुना तापवत वजनातील घट मोजणाऱ्या चाचणीवरून) काढावे.

पहिल्या प्रयोगात ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. प्रमाण वाढले की पापुद्रे एकमेकांना सुटायला जागा देत नाहीत आणि उरलेल्या चळती तडा सुरू होण्याची ठिकाणे बनतात. ३ टक्क्यांना जे जमले नाही ते ८ टक्क्यांना जमत नाही.

## टप्पा ३: सुकवणे

सर्वाधिक बॅच इथे बिघडतात, म्हणून हा टप्पा सविस्तर.

पीएलए ही पॉलिएस्टर आहे. वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा एक रेणू तिची एक साखळी एका जागी तोडतो. हिशेब करून पाहावा: सरासरी रेणुभार १,००,००० असलेल्या १ किलो पीएलएमध्ये ०.०१ मोल साखळ्या असतात, आणि ०.०१ मोल पाणी म्हणजे केवळ १८० मिलिग्रॅम. एवढ्या पाण्याची पूर्ण अभिक्रिया झाली तर प्रत्येक साखळी सरासरी एकदा तुटेल आणि रेणुभार निम्म्यावर येईल. बॅरलमधल्या एक-दोन मिनिटांत सगळ्या पाण्याची अभिक्रिया होत नाही, म्हणूनच २५० पीपीएम, म्हणजे ०.०२५ टक्के, ही ओलाव्याची कमाल मर्यादा व्यवहारात चालते. त्या वर जाऊ नये.

१. स्फटिक झालेले, म्हणजे दुधट दिसणारे पीएलए दाणे ८० अंश सेल्सिअसला किमान ४ तास सुकवावेत, तेही डिह्युमिडिफाइंग ड्रायरमध्ये, जिथे हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास ठेवता येतो. तो नसेल तर व्हॅक्यूम ओव्हन वापरावा.

२. पारदर्शक, अस्फटिक दाणे ८० अंशांना एकमेकांना चिकटून ढेकूळ होते, कारण पीएलएचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर अस्फटिक पॉलिमर मऊ पडतो) ५५ ते ६० अंश आहे. ते ४५ अंशांना, व्हॅक्यूममध्ये, रात्रभर सुकवावेत.

३. क्ले वेगळी, पातळ थरात पसरून, ८० अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवावी.

४. सुकवलेला माल हवाबंद डब्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पिशवीत ठेवून त्याच दिवशी वापरावा.

साधा गरम हवेचा ओव्हन का चालत नाही, हे कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेवरून समजून घ्यावे. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २३ अंश असेल आणि तीच हवा ८० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६ टक्क्यांवर उतरते, पण शून्य होत नाही. दाणे त्या ६ टक्क्यांशी समतोल साधून थांबतात. ४ तासांऐवजी १४ तास ठेवले तरी त्यांचा ओलावा त्या खाली जात नाही. तीच बॅच फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत चांगली आणि पावसाळ्यात ठिसूळ निघाली, तर पुरवठादाराला दोष देण्याआधी ओव्हनकडे पाहावे.

क्ले सुकवणे टाळणे ही दुसरी मोठी चूक. पिशवीतल्या ऑर्गॅनोक्लेत २ टक्के ओलावा असेल आणि ती ४.३ टक्के घातली, तर क्लेबरोबर ८६० पीपीएम पाणी आत जाते, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. पीएलए कितीही कष्टाने सुकवला असला तरी ते कष्ट वाया गेले. सोडियम क्लेत तर ओलावा याहून बराच जास्त असतो.

तपासा: कार्ल फिशर पद्धतीने ओलावा मोजून घ्यावा. डायमधून (मशीनच्या टोकाच्या तोंडातून) निघणाऱ्या धाग्यात बुडबुडे दिसले तर माल ओला आहे, हे नक्की. बुडबुडे दिसले नाहीत म्हणून माल कोरडा आहे, असे मात्र होत नाही.

## टप्पा ४: मिसळण्याचा क्रम

दाणे आणि क्लेची भुकटी पिशवीत हलवून एकाच हॉपरमध्ये (माल ओतण्याच्या नरसाळ्यात) ओतणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. हॉपरच्या थरथरीने भुकटी दाण्यांच्या फटींतून खाली जाते, काही भिंतींना चिकटते, आणि बॅचच्या सुरुवातीला ५ टक्के तर शेवटी १ टक्का क्ले असा माल निघतो. पर्याय तीन आहेत.

पहिला, पीएलए दळून भुकटी करावी आणि मग क्लेत मिसळावी. प्रयोगशाळेच्या छोट्या बॅचला हे पुरते; मात्र दळताना माल तापतो आणि ओलावा धरतो, म्हणून सुकवणे दळल्यानंतर करावे. दुसरा, क्लेसाठी वेगळा वजनी फीडर ठेवून ती साइड फीडरमधून, पॉलिमर वितळल्यानंतरच्या भागात सोडावी. तिसरा, १५ ते २० टक्के क्लेचा मास्टरबॅच आधी बनवून नंतर तो शुद्ध पॉलिमरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत पातळ करावा. मास्टरबॅच दाट असल्याने त्यात चळतींवर ताण जास्त बसतो, आणि पहिली फोडाफोड चांगली होते. छोट्या कारखान्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन, कारण भुकटी एकदाच हाताळावी लागते.

सावधान: मास्टरबॅच पद्धतीत मालाचा एक भाग मशीनमधून दोनदा जातो. कोऱ्या बॅचमध्येही तेवढाच भाग दोनदा काढलेला असावा, नाहीतर तुलना पुन्हा फसते.

स्टार्चच्या बाबतीत ग्लिसरॉल केव्हा घालायचे याला फार महत्त्व आहे. ग्लिसरॉल आणि क्ले आधी एकत्र केले तर छोटा ग्लिसरॉल रेणू पापुद्र्यांच्या मधली जागा अडवतो आणि स्टार्चची साखळी बाहेर राहते. एक्सआरडीत अंतर वाढलेले दिसते, पण ते ग्लिसरॉलमुळे; ताकद वाढत नाही. स्टार्च आणि क्ले आधी पाण्याच्या साहाय्याने मिसळून ग्लिसरॉल नंतर द्यावे.

## टप्पा ५: तापमान

पीएलएसाठी फीडच्या बाजूला १५० ते १६०, मधल्या झोनमध्ये १७० ते १८०, आणि डायला १७५ अंश ही सुरुवात ठीक आहे. पीबीएटी ११० ते १२० अंशांना वितळतो, त्यामुळे तो १४० ते १६० अंशांत चालतो. पीसीएल तर ६० अंशांनाच वितळत असल्याने ८० ते १२० अंश पुरतात. फीडचा घसा पाण्याने थंड ठेवावा, नाहीतर दाणे तिथेच मऊ होऊन अडतात.

“जास्त तापवले की पॉलिमर पातळ होईल आणि क्लेत सहज शिरेल” हा समज अर्धाच खरा आहे. पातळ पॉलिमर शिरतो लवकर, पण चळती फोडायला लागणारा ताण त्याला देता येत नाही. ताण म्हणजे घट्टपणा गुणिले कातरण्याचा वेग. घट्टपणा गेला की ताणही गेला. म्हणून माल पूर्ण वितळेल आणि मोटरवर झेपेल इतक्या कमीत कमी तापमानाला काम करणे फायद्याचे ठरते. दुसरे कारण क्लेच्या बाजूचे आहे: अमोनियम क्षार साधारण १८० ते २०० अंशांपासून विघटित होऊ लागतो. तो गेला की पापुद्रे पुन्हा जवळ येतात, आणि विघटनातून उरलेले पदार्थ पीएलएच्या साखळ्या तोडण्यास मदत करतात. डायजवळ अमाइनचा माशासारखा वास आणि धाग्याचा तपकिरी रंग ही त्याची खूण आहे.

तपासा: कंट्रोलरवरचा आकडा बॅरलच्या धातूचा असतो, मालाचा नव्हे. घर्षणामुळे माल १० ते २० अंशांनी जास्त तापलेला असू शकतो. डायमधून निघालेल्या गोळ्यात सुईचा थर्मोकपल खुपसून खरे तापमान घ्यावे आणि ते १९० अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

## टप्पा ६: स्क्रूचा वेग, फीडचा दर आणि बॅरलमधला वेळ

चळत सुटण्याची क्रिया दोन पायऱ्यांत होते. आधी कातरण्याच्या ताणाने मोठी चळत लहान चळतींत फुटते, आणि त्यानंतर पॉलिमरच्या साखळ्या कडेने आत शिरून एकेक पापुद्रा सोलून काढतात. पहिल्या पायरीला ताण लागतो, दुसरीला वेळ. वेग खूप वाढवला तर ताण मिळतो पण वेळ कमी पडतो, माल तापतो, घट्टपणा उतरतो आणि साखळ्या तुटतात. पापुद्रेही मोडून आखूड होऊ शकतात. वेग फार कमी ठेवला तर वेळ भरपूर, पण चळती मुळात फुटतच नाहीत. त्यामुळे चांगला निकाल बहुधा मधल्या वेगाला मिळतो. तो मधला वेग कोणता, हे ज्याच्या त्याच्या मशीनवरच शोधावे लागते. कोणाचा तरी २०० आरपीएमचा आकडा उचलून आपल्या मशीनला लावण्यात अर्थ नाही.

शोधण्याचा क्रम असा ठेवावा.

१. रिकाम्या स्क्रूला मोटर किती वीज घेते ते नोंदवावे.

२. फीडचा दर स्थिर ठेवून १००, २०० आणि ३०० आरपीएमला माल काढावा. प्रत्येक बदलानंतर बॅरलमधला जुना माल पूर्ण निघून जाईपर्यंत, म्हणजे सरासरी वेळेच्या तीन-चार पट थांबून मगच नमुना घ्यावा.

३. प्रत्येक वेगाला फीडच्या घशात चार-पाच रंगीत दाणे टाकून रंग डायला प्रथम कधी दिसला आणि कधी संपला, हे स्टॉपवॉचने मोजावे. हा काळ छोट्या मशीनवर सामान्यतः एक ते तीन मिनिटे येतो.

४. प्रत्येक स्थितीत प्रतिकिलो यांत्रिक ऊर्जा काढावी. मोटर रिकाम्या फेऱ्याची वीज वजा जाता १.२ किलोवॅट घेत असेल आणि ताशी ४ किलो माल निघत असेल, तर ती ०.३ किलोवॅट-तास प्रतिकिलो झाली.

५. नंतर दुसऱ्या संचात वेग आणि फीड एकाच प्रमाणात वाढवावेत. यात बॅरल किती भरलेले आहे ते फारसे बदलत नाही, त्यामुळे निव्वळ वेगाचा परिणाम वेगळा दिसतो.

नेहमीची चूक म्हणजे फक्त आरपीएम नोंदवणे. फीड तोच ठेवून वेग दुप्पट केला की बॅरल निम्मे रिकामे होते, प्रतिकिलो ऊर्जा वाढते आणि मालाचे तापमान चढते. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वहीत मात्र एकच लिहिली गेली.

स्क्रूच्या रचनेत नीडिंग ब्लॉकचा (माल मळणाऱ्या घटकांचा) एकच लांब पट्टा ठेवण्यापेक्षा दोन-तीन छोटे गट ठेवावेत आणि मध्ये माल पुढे नेणारे घटक बसवावेत, म्हणजे मालाला थोडे थंड व्हायला वाव मिळतो. उलट्या आट्याचा एखादा घटक क्ले घातल्यानंतरच्या गटानंतर असावा. तो माल अडवून वेळ वाढवतो. दोन-तीन घातले तर वेळेबरोबर तापमानही हाताबाहेर जाते. व्हॅक्यूम व्हेंट (वाफ आणि वायू ओढून घेणारे तोंड) शेवटच्या मिश्रणानंतर ठेवावा. क्लेच्या साइड फीडला लागूनच ठेवला तर भुकटी त्यातून ओढली जाते आणि टीजीएत क्ले कमी का भरली, याचा शोध नंतर उगाच दुसरीकडे सुरू होतो.

सावधान: काम थांबवताना पीएलए बॅरलमध्ये सोडून जाऊ नये. कोरड्या एलडीपीईने (साध्या पॉलिथिनने) मशीन धुऊन काढावी. रात्रभर राहिलेला माल दुसऱ्या दिवशी काळ्या ठिपक्यांच्या रूपाने बाहेर येतो.

## टप्पा ७: धागा थंड करणे, दाणे पाडणे, पुन्हा सुकवणे

पाण्याची टाकी आखूड ठेवावी आणि धाग्यावरचे पाणी एअर नाइफने उडवावे. शक्य असेल तर हवेवर चालणाऱ्या पट्ट्यावरच धागा थंड करावा.

इथे एक सापळा आहे. पिशवीतले दाणे स्फटिक होते, म्हणून ते ८० अंशांना सुकले. आता पाण्यात झटकन थंड झालेले नवे दाणे अस्फटिक आहेत. ते जुन्याच सवयीने ८० अंशांच्या ड्रायरमध्ये टाकले की पूर्ण ट्रेचे एक ढेकूळ होते. नवे दाणे एकतर ४५ अंशांना व्हॅक्यूममध्ये सुकवावेत, किंवा आधी ९० ते १०० अंशांना सतत ढवळत स्फटिक करून घ्यावेत आणि मग नेहमीप्रमाणे सुकवावेत. पुन्हा सुकवणे वगळून थेट इंजेक्शन मशीनला दाणे लावणाऱ्यांची एक्स्ट्रूडरवरची सगळी काळजी शेवटच्या पायरीवर फुकट जाते.

## टप्पा ८: साचा आणि फिल्म

थंड साच्यात, म्हणजे २५ ते ३० अंशांना, पीएलए अस्फटिकच राहतो आणि ५५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला नमुना वाकतो तो यामुळेच. १०० अंशांच्या आसपासचा गरम साचा, किंवा साच्यातून काढल्यावर १०० ते ११० अंशांना ॲनीलिंग (काही काळ तापवून ठेवणे), यांनी स्फटिकता वाढते आणि उष्णता सहन होते. ॲनीलिंग करताना तुकडा आकसतो, म्हणून तो चौकटीत धरून ठेवावा. डी-घटक (लॅक्टिक ॲसिडचे आरशातील प्रतिमेसारखे दुसरे रूप) १० टक्क्यांहून जास्त असलेला पीएलएचा ग्रेड मात्र यापैकी कशानेही स्फटिक होत नाही; ग्रेडचा कागद आधी वाचावा.

क्लेचे पापुद्रे स्फटिकांना सुरुवातीची जागा देतात. याचा अर्थ असा की कडकपणा वाढला तर तो पापुद्र्यांच्या आधारामुळे वाढला की वाढलेल्या स्फटिकतेमुळे, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी डीएससीच्या (तापवताना शोषलेली आणि सोडलेली उष्णता मोजणाऱ्या चाचणीच्या) पहिल्या तापवणीतून स्फटिकता काढावी: वितळण्याच्या ऊर्जेतून तापवताना झालेल्या स्फटिकीकरणाची ऊर्जा वजा करावी आणि ९३ ज्यूल प्रतिग्रॅम (पूर्ण स्फटिक पीएलएची वितळण्याची ऊर्जा) गुणिले पीएलएचा वजनी अंश याने भागावे. वितळण्याची ऊर्जा ३६, स्फटिकीकरणाची २४ आणि पीएलएचा अंश ०.९५७ असेल, तर स्फटिकता सुमारे १३.५ टक्के. वजाबाकी विसरली तर तीच ४० टक्के दिसते. असे आकडे प्रकल्प अहवालांत बिनदिक्कत छापलेले आढळतात.

फिल्ममध्ये पापुद्रे पृष्ठभागाला समांतर झोपले तर वायूला वळसे घेत जावे लागते. निल्सनच्या साध्या सूत्राने पाहावे: वजनाने ३ टक्के पापुद्रे म्हणजे आकारमानाने सुमारे १.३५ टक्के. पापुद्र्यांची लांबी जाडीच्या १०० पट असेल, म्हणजे ते बऱ्यापैकी सुटे असतील, तर पारगम्यता सुमारे ४१ टक्क्यांनी घटते. चळती तशाच राहून हे गुणोत्तर १० वर आले, तर घट जेमतेम ८ टक्के. कृती तीच, क्ले तीच. फरक फक्त प्रक्रियेचा.

नमुने वहनाच्या दिशेने आणि आडव्या दिशेने असे दोन्ही कापावेत, आणि चाचणीपूर्वी २३ अंश व ५० टक्के आर्द्रतेत किमान ४० तास ठेवावेत. अस्फटिक पीएलए खोलीच्या तापमानालाही हळूहळू ठिसूळ होत जातो, म्हणून सगळे नमुने सारख्याच वयाचे असावेत.

## टप्पा ९: मोजमाप आणि त्यातील फसगती

एक्सआरडी. शिवाजी विद्यापीठात किंवा इतरत्र नमुना देताना स्कॅन २ अंशांपासून किंवा त्याहून खालून सुरू करावा, असे अर्जावर लेखी कळवावे. बहुतेक नेहमीचे स्कॅन ५ किंवा १० अंशांपासून सुरू होतात आणि हवे असलेले शिखर त्यांच्या आधीच संपलेले असते. तांब्याच्या किरणांसाठी ४.८ अंशांचे शिखर म्हणजे १.८४ नॅनोमीटर अंतर. ते २.५ अंशांवर सरकले तर अंतर ३.५ नॅनोमीटर झाले, म्हणजे पॉलिमर आत शिरला. उलट ५.९ अंशांवर गेले तर अंतर १.५ नॅनोमीटरवर आले, म्हणजे क्षार जळून पापुद्रे मिटले. शिखर दिसेनासे झाले म्हणून पापुद्रे सुटे झाले, असे मात्र लिहू नये; क्ले कमी असली किंवा चळती वेड्यावाकड्या झाल्या तरी शिखर नाहीसे होते. तो दावा करायचा तर टीईएमची (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) छायाचित्रे हवीत, तीही मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मापांची.

एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा). सुट्या झालेल्या पापुद्र्यांनी माल घट्ट होतो आणि एमएफआय उतरतो. साखळ्या तुटल्याने तो चढतो. दोन्ही एकदम घडले तर आकडा जिथल्या तिथे राहतो आणि सगळे आलबेल असल्याचा भास होतो. म्हणून नमुना क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, क्ले सेंट्रिफ्यूजने वेगळी करून, उरलेल्या पीएलएची द्रावण-श्यानता मोजावी आणि ती कोऱ्या बॅचशी ताडून पाहावी.

टीजीए. बॅचच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन नमुने द्यावेत. तापवल्यावर क्लेतील रचनात्मक पाणीही जाते, म्हणून उरलेल्या राखेची तुलना तितक्याच तापवलेल्या नुसत्या क्लेच्या राखेशी करावी.

कंपोस्ट होण्याचा दावा करायचा असेल तर अंतिम जाडीच्या आणि अंतिम ॲनीलिंग झालेल्या वस्तूचीच आयएस १७०८८ (कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचे भारतीय मानक) नुसार चाचणी घ्यावी. औद्योगिक कंपोस्टच्या चाचणीत तापमान ५८ अंशांच्या आसपास असते, आणि स्फटिक झालेला पीएलए तिथे अस्फटिकापेक्षा सावकाश विघटित होतो. पिशवीवरचे प्रमाणपत्र तुमच्या वस्तूला लागू होत नाही.

## टप्पा १०: निकाल बिघडला तर कुठे परत जायचे

कोरी बॅच आणि क्लेची बॅच दोन्ही ठिसूळ झाल्या असतील तर दोष पीएलए सुकवण्याचा किंवा तापमानाचा आहे. टप्पा ३ आणि ५ पाहावेत. कोरी बॅच चांगली आणि क्लेची ठिसूळ असेल, तर आधी क्लेचा ओलावा तपासावा, मग क्षाराचे विघटन. एक्सआरडीत शिखर जागचे हललेच नसेल तर जोडी चुकली आहे किंवा वेळ कमी पडला आहे. शिखर हलले, पण ताकद वाढली नाही आणि टीईएममध्ये मोठ्या चळती दिसल्या, तर ताण कमी पडला आहे. अशा वेळी वेग वाढवण्याआधी तापमान १० अंशांनी उतरवून पाहावे. नमुन्यानमुन्यांत फार तफावत असेल तर दोष फीडिंगचा, म्हणजे टप्पा ४ चा. रंग तपकिरी, पण ताकद ठीक असेल तर मालाचे खरे तापमान पुन्हा मोजावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रत्येक बदलाबरोबर मालाचे मोजलेले तापमान, फीडचा दर, आरपीएम, मोटरची वीज, रंगीत दाण्यांची वेळ, सुकवल्यानंतरचा ओलावा आणि त्या दिवशीची खोलीतील आर्द्रता या सात नोंदी एकाच ओळीत लिहाव्यात, आणि त्याखालच्या ओळीत त्याच दिवशी काढलेल्या कोऱ्या बॅचच्या त्याच सात नोंदी असाव्यात.